कांचन येण्याआधी खांदे

१ सप्टेंबर
जिममध्ये नाव घातलं. सेक्टरच्या मार्केटमध्ये, तळघरात. ट्रेनर हरकिरतजी, जुने पैलवान, माझ्याच वयाचे. वय त्रेपन्न ऐकून म्हणाले, "किसलिए करना है जी? शुगर? घुटना?" म्हटलं, चांगलं दिसायचंय. हसले नाहीत. बरं वाटलं.

खरं कारण इथेच लिहितो. चार वर्षं इकडे उत्तरेत बदलीवर एकटा आहे. बायको, कांचन, साताऱ्यात, शाळेची नोकरी सोडून इथे यायला तयार नाही. मे महिन्यात मला बघून "पोट सुटलंय तुमचं" एवढंच म्हणाली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. फार लागलं ते. आता नाताळात आठ दिवस येतेय. या खेपेला तिने माझ्याकडे नीट बघावं. आणि राहावं.

४ सप्टेंबर
जिना कठडा धरून उतरलो. ऑफिसात सांगितलं, पाठ धरलीय.

१९ सप्टेंबर
रोज छाती आणि दंडच करत होतो, आरशात तेच दिसतात म्हणून. हरकिरतजींनी हातातले डंबेल काढून घेतले. "शीशा पीठ नहीं दिखाता जी, दुनिया देखती है." पाठ आणि खांदे रुंद झाले की कंबर आपोआप बारीक दिसते, असं त्यांचं गणित. वजन वर नेताना एक मोजायचं, खाली आणताना तीन. खाली आणतानाच जीव जातो. पायांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, चुकवायचा नाही. नाहीतर वर पैलवान, खाली काड्या!

१० ऑक्टोबर
संकष्टी. इथे आज करवा चौथ, बायकांचा नवऱ्यासाठीचा उपास. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊन संध्याकाळी खांद्यावर वजन घेऊन बैठका मारायला गेलो. तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे काजवे. कसाबसा खाली बसलो.

उपास आहे म्हटल्यावर सगळी जिम गोळा झाली. "वाइफ के लिए रखा है? कमाल हो सर जी!" गणपतीचा आहे हे सांगेपर्यंत एकाने टाळ्या सुरू केल्या. मग नाहीच सांगितलं.

हरकिरतजींनी मात्र बाजूला घेऊन झापलं. वजन घटवणं वेगळं, शरीर बनवणं वेगळं. "भूखे रहोगे तो पहले चेहरा उतरेगा, पेट बाद में."

२ नोव्हेंबर
पनीर, अंडी, दही, सगळं सांगितल्याप्रमाणे. रात्रीची पोळी मात्र बंद केलीय. त्यांना बोललो नाही. दिवस थोडे राहिलेत आणि पोट अजून आहे.

३० नोव्हेंबर
नऊ किलो गेले. शर्ट पोटावर ढगळ, खांद्यावर घट्ट. मोबाइल टेबलावर टेकवून स्वतःचा पाठमोरा फोटो काढला. आवडला! कांचनचा व्हिडिओ कॉल आला की कॅमेरा बंद ठेवतो. नेट स्लो आहे म्हणतो.

२४ डिसेंबर
धुक्यामुळे विमान तीन तास उशिरा. थंडी मरणाची, तरी जॅकेटची चेन उघडी ठेवून उभा होतो. कांचन आली, बघितलं, बॅग खाली ठेवली. माझ्या गालावरून हात फिरवला आणि रडायलाच लागली. "अहो, काय झालंय तुम्हाला? किती वाळलात! कधीपासून लपवताय?"

खांद्यांकडे नजरही गेली नाही. विमानतळापासून घरापर्यंत टॅक्सीत माझा हात धरून होती. किती वर्षांनी. दुसऱ्या हाताने जॅकेटची चेन वर ओढून घेतली.

२७ डिसेंबर
तिच्या हट्टापायी रक्त तपासलं. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी तब्येत कमीच बघायला मिळते. कांचनला पटलेलं नाही. "त्यांना काय कळतंय," म्हणाली आणि शेंगदाण्याचे लाडू करायला घेतले. तीन दिवस जिमला गेलेलो नाही.

२९ डिसेंबर
कांचनने परतीचं तिकीट रद्द केलं. शाळेत मार्चपर्यंत बिनपगारी रजा टाकली. "अशा अवस्थेत तुम्हाला एकटं टाकून मी जायची नाही."

जिमचं सांगायला हवं. आज नाही सांगितलं.