न ताडलेली उत्तरं

१२ मे २०२५, सोमवार, संध्याकाळी ६.४०. झेरॉक्सच्या दुकानात संगणक पुसत होतो.

हा संगणक रिकाम्या वेळी क्षयरोगावर औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची गणितं इंटरनेटवरून घेऊन सोडवतो. पूर्वी ते तेच गणित आणखी दोन संगणकांना देऊन उत्तरं ताडून बघत. वर्षभर आमचं चुकलं नाही, म्हणून महिन्यापासून त्यांनी ताडणं थांबवलं. आज मीच सहज एक गणित दुसऱ्या संगणकावर सोडवून ताडलं. आमचं उत्तर चूक.

मालक सलीमचाचा म्हणाले, "हे डबडं इतकं काऊन तापलं बे? अंडं भाजू का याच्यावर?"

"उन्हानं, चाचा."

तापूनच चुकत असेल का? कधीपासून? महिन्याभराची उत्तरं त्यांनी खरी धरली आहेत. त्यांना कळवायलाच हवं. कळवलं तर आम्हाला या कामातून काढतील. पत्र लिहायला घेतलं, खोडलं. तेवढ्यात नवीन गणित सुरू झालं. मी ते थांबवलं नाही.