एकदाच लिहिलेलं नाव

भोकरदन, ११ ऑगस्ट

प्रिय आकांक्षा,

आपण फोनवर रोजच बोलतो, पण हे काही तोंडातून निघेना, म्हणून कागद घेतला.

दिवाळीत तू आपल्या शिकवणीच्या कचेरीत दिवसभर आमच्या कामाची टिपणं काढत बसलीस आणि संध्याकाळी म्हणालीस, "आई, एका पोरीचं नाव तू आणि संपतमामा सात वह्यांत लिहिता!" मला झोंबलं. तुझ्या कारखान्यातली अक्कल पुण्यातच ठेव, असं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी तू निघालीस, मी स्टँडपर्यंतही आले नाही.

जुलैत राजूरच्या नंदाबाई आल्या. "मॅडम, आमची तृप्ती बराबर येऊन राह्यली ना?" वही काढली, तर पोरगी चार दिवस गैरहजर! आम्ही हजेरी शनिवारी जुळवायचो, मग घरी कळवायचो. ती रोज बसमधून उतरून स्टँडवरच बसून राहायची. बीजगणित समजत नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. पोरगी सुखरूप होती, पण चार दिवस आम्हाला पत्ताच नव्हता.

त्याच संध्याकाळी तुझी टिपणं बाहेर काढली. इतकी वर्षं वह्या सांभाळणारा आपला कारकून संपतमामा हिरमुसला. "बाई, वह्या गेल्यावर मी काय करू?" मी म्हटलं, पोरांच्या घरच्यांशी बोला. आता नाव एकदाच, संगणकावरच्या एका तक्त्यात. हजेरी मोबाइलवर. तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांत मामा गैरहजर पोराच्या घरी फोन लावतो, आणि कुणाची म्हैस व्याली तेही विचारून घेतो! प्रवेशाला अर्धा दिवस लागायचा, आता चहा निवायच्या आत काम होतं. टेबल इतकं मोकळं झालंय की पहिले दोन दिवस मला हात कुठं ठेवावे कळेना.

आणि तिथंच मला कळलं, पोरी. तुझे बाबा गेल्यापासून सहा वर्षं मी कामात बुडाले नव्हते, वह्यांच्या ढिगाआड लपले होते. ज्या फळ्यासमोर ते उभे राहायचे, तिथं उभं राहायची मला भीती वाटायची. तुला हे दिवाळीतच दिसलं होतं ना? तरी तू फक्त वह्यांबद्दल बोललीस. परवा गुरुवारी मी तृप्तीसह नऊ पोरींना घेऊन बीजगणित पहिल्यापासून सुरू केलं. पहिल्याच उदाहरणात माझं चिन्ह चुकलं, आणि ते तृप्तीनं हात वर करून दाखवलं. सगळा वर्ग हसला, मीही पोटभर हसले. माझं चुकलं होतं गं, एवढंच सांगायला हे पत्र. या खेपेला मी स्टँडवर घ्यायला येते.

खडूनं माखलेली,
तुझीच आई