गुलाबी पिंप

प्रिय ल्युबिंका,

शाळेत कविता म्हणताना मी अडलो की मागच्या बाकावरून पुढची ओळ तूच सांगायचीस. म्हणून हेही तुलाच सांगतो. यंदा माझ्या कोबीने माझं घर जवळजवळ घालवलंच होतं.

उन्हाळ्यात मुलगा, प्रेद्राग, बजावून गेला, "बाबा, या हिवाळ्यासाठी खारवलेल्या कोबीचं पिंप एकट्याने घालून दाखवा. नाही जमलं तर घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे बेलग्रेडला, चौथ्या मजल्यावर." चौथा मजला, ल्युबिंका! तिथे चंद्रसुद्धा लिफ्टने येत असेल. मी ईर्ष्येने वाफे लावले. मग पांढरी फुलपाखरं आली, आणि त्यांना हाकलायचं सोडून मी शाळेतल्या ओळी गुणगुणत उभा राहिलो. त्यांच्या अळ्यांनी फ्लॉवर फस्त केला, कोबीच्या पानांची जाळी केली. शेजारची स्मिल्या कुंपणावरून ओरडली, "अरे स्वेतोझार, आता पडदे शिव त्यांचे!"

वाचलेल्या गड्ड्यांचे देठ कोरून, त्यांत मीठ भरून मी ते पिंपात रचले. पिंप काही भरेना. रंगासाठी आपण एखादा लाल कोबी टाकतो ना, तसे मी होते नव्हते ते सगळे लाल गड्डे टाकले. वाटलं, खारं पाणी पहाटेच्या रंगाचं होईल. मग वरून पाणी ओतलं आणि ते ढवळलं जावं म्हणून रोज नळीने तळाशी फुंकर घालत बसलो. फुंकताना कविता म्हणता येत नाही, एवढंच दुःख. झाकण उघडल्यावर स्मिल्या म्हणाली, "यात लाल मोजे धुतलेस का रे?"

संत निकोलाच्या सणाला प्रेद्राग आला. उपासाची, म्हणजे बिनमांसाची सारमा केली होती, त्याच कोबीच्या पानात भात आणि अक्रोड. गुंडाळ्या जांभळ्या! त्याने एक काट्यावर धरून उजेडात न्याहाळली. "बाबा, ही खायची की भिंतीवर टांगायची?" मग खाल्ली. मग दुसरी. मग पातेलंच जवळ ओढलं. "चव आईच्या हातची," तो हळूच म्हणाला, "रंग तेवढा तुमचा."

जिंकलो म्हणून मी ग्लास भरतोय, तर म्हणतो, "राहा इथेच, पण एकटे नाही. सोबतीला कोण, ते सांगा. नाहीतर गाडीत बसा." मी घाबरलो आणि तोंडून तुझं नाव निघून गेलं. म्हटलं, तीही तिकडे एकटीच असते, आमचं ठरलंय. तुला विचारायचं तेवढं राहिलं होतं, ते आता विचारतो. येशील? हे नाव घाबरून सुचलं खरं, पण दुसरं कुठलं सुचलंच नसतं. रविवारी तो तुला फोन करणार आहे. निदान दचकू नकोस.

तू हो म्हणालीस तर तुझाच,
स्वेतोझार