कुंपणाखालची बुटकी

१२ मार्च

काल काय सांगितलं ते आठवतंय का रे कागदा? कुठलं आठवायला! मला अक्षर येत नाही म्हणून सगळं डोक्यात ठेवावं लागतं. तुला सूनबाई लिहून देते, तरी पान उलटलं की तू कोरा.

तर पुन्हा सांगते. कुंपणापलीकडे राहते ती माझी धाकटी जाऊ. घराची वाटणी झाली तेव्हा उजेडाची बाजू तिने घेतली. मला सासूबाईंच्या हातची बुटकी आली. बाकी मागण्यासारखं मी काही मागितलंही नाही.

बुटकी म्हणजे झुडूप. उंची वीतभर, पण अंग लाकडाचं. पान नखाएवढं, जाड, वरून चकचकीत. उलटं केलं की खाली पांढरी लव, कडा आत मुडपलेल्या. फुलं फिकट गुलाबी, घंटेसारखी, मान खाली घालून. सासूबाईंसमोर मी घालायची तशी. धाकटीने कधी घातली नाही.

१५ मार्च

आमच्या बाजूला बुटकी मधोमध टकली झाली आहे. कडेला थोडी पानं, फूल एक नाही. धाकटीकडे मात्र नुसता बहर.

हिची खोडच तशी. फांद्या जमिनीवर लोळतात, आणि सांधा मातीला टेकला की तिथेच मूळ सोडतात. तशी सरकत सरकत तारेखालून पलीकडे गेली.

"ताई, तुमचं झाड माझ्याकडे नांदायला आलंय," धाकटी कुंपणावरून म्हणाली. नवी कवळी दाखवायला हसलीसुद्धा. दात तिचे नाहीत, झाडही तिचं नाही.

१६ मार्च

सून म्हणते, "फुलं दोघींनाही दिसतात ना, आई." शहाणपण तुझ्यापाशीच ठेव म्हटलं, आणि मी सांगते तेवढंच लिही.

२० मार्च

कापली. तारेखालून गेलेली एकूण एक फांदी. सून म्हणाली, "मी लिहीन, कापणार नाही." मग मीच स्टुलावर बसून कात्री चालवली. लाकूड बारीक, पण चिवट — मनगट भरून आलं.

आता बघू धाकटीचा बहर किती टिकतो.

२८ मार्च

टिकलाय. वर नव्या कळ्या. सकाळी झारीने पाणी घालताना गुणगुणत होती. आवाज फाटका आहे, पण सांगणार कोण?

६ एप्रिल

बुटकीची पानं फसवी. मेली तरी गळत नाहीत, फांदीवर तशीच ताठ बसून राहतात. आज सहज हात लावला तर चुरा झाला. आमच्या बाजूची, बरं का कागदा. पलीकडची नाही.

सुनेला उकरायला लावलं. सासूबाईंनी लावलेलं मूळ आतून पोकळ, जुनं, वाळलेलं. "आई, हे आत्ताचं नाही. कधीच गेलंय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघायचं तिने टाळलं.

म्हणजे आमची बुटकी जगत होती ती पलीकडच्या मुळांवर. धाकटीच्या झारीवर. आणि मी मधली वाट कापली.

७ एप्रिल

आज काही लिहू नकोस म्हटलं, तर तेही लिहिलं हिने.

९ एप्रिल

धाकटीने पाहिलंय. कुंपणाशी उभी राहिली, वाळलेल्या काटक्या बघितल्या, कापलेली टोकं बघितली. "ताई, कात्रीला धार बरी आहे तुमच्या." मी पदर सावरून आत आले. मरेन, पण तिच्याकडे फांदी मागणार नाही. हे ठळक लिही.

१ मे

दुपारभर धाकटीचं मागचं दार वाऱ्याने आपटतंय. मुद्दाम उघडं ठेवते. माझी झोप मोडली की हिला गोड लागतं.

२ मे

तारेखालून एक फांदी इकडे आली आहे. आपली आपण नाही आलेली. पुढचा सांधा आमच्या मातीत नीट दाबलाय, टोक वर काढलंय, आणि हलू नये म्हणून वर चपटा दगड ठेवलाय. मागे फांदी अजून धाकटीच्या झुडपाला जोडलेली. पाणी तिकडूनच येणार.

दगड मी ओळखला. तिच्या मागच्या दाराला लावायचा.

सूनबाई, वही मीट आणि भात टाक. चांगला मऊ शिजव, तिची कवळी अजून बसलेली नाही. दूध घाल, वर माझ्या वाटणीची साय घाल, आणि गरम आहे तोवर पलीकडे देऊन ये.