गॅपचं प्रतिज्ञापत्र

सोमवार, १४ जुलै. दिग्रस.

एम.एस्सी. झाले. वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग, त्रेचाळिसाव्या वर्षी. मुलीने पुण्याहून फुलांचं चित्र पाठवलं.

कॉलेजातून मूळ कागद परत आणले, तर त्यात प्रवेशाच्या वेळी दिलेलं गॅपचं प्रतिज्ञापत्र निघालं: ‘बी.एस्सी.नंतर वीस वर्षे मी घरीच होते, काहीही केले नाही. हे खरे आहे.’ खाली माझी सही.

तेव्हा तहसीलसमोरच्या अर्जनवीसाला मी म्हटलं होतं, “भाऊ, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं सगळं मीच करते. ‘काहीही केले नाही’ कसं लिहायचं?”

“मॅडम, साऱ्याईच्या कागदावर हेच रायते. सेवा लिहान तं बाबू इचारन, पगार किती होता? करा सही.”

केली. शेवटची तारीख होती, पण ते कारण पुरतं का? मग त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. ‘मी यांना ओळखतो’ या ओळीखाली त्या अनोळखी माणसाने सही ठोकली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी वहीत वाळलेली पानं चिकटवायची तेव्हा सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या सासूबाई पलंगावरून म्हणायच्या, “पास झाली का पह्यले मले सांगजो वं.” मार्चमध्ये त्या गेल्या. आता घरात मी एकटीच.

सही झालेल्या कागदावर खाडाखोड करू नये, म्हणून इथे लिहिते: त्यातली शेवटची अकरा वर्षे सासूबाईंचं सगळं केलं. हे खरे आहे.

खाली सही केली. ‘मी यांना ओळखतो’ ही ओळही लिहिली आणि तिच्याखाली जागा सोडली, एका अंगठ्यापुरती.