सोवळ्यातली चिंधी

१४ जाने. ५६, संक्रांत
आत्याने तिळगूळ केला, स्वतःही मनसोक्त खाल्ला. पाठीवर गळू आलंय म्हणते. मला शिवू देत नाही, ती सोवळ्यात. जवसाचं पोटीस आपल्याच हाताने चाचपडत थापलं. "पिकेल, फुटेल. तुझ्या गुडघ्यावरचं मीच बरं केलं ना गं?" खरं आहे. आई गेल्यावर माझं सगळं तिनंच केलं.
लिहायला घेतलेली गोष्ट अर्धी पडलीय. शाळेच्या वह्याही तपासायच्या राहिल्यात.

१६ जाने.
रेडिओवर ऐकलं, मुंबई आपल्याला नाही. सगळी चाळ रस्त्यावर उतरली. आत्या कण्हत होती तरी म्हणाली, "मुंबई मिळायची तेव्हा मिळो. आधी माझी पाठ मला परत मिळू दे." दोघी हसलो.
हल्ली पाणी फार पिते. एवढ्या थंडीत.

१७ जाने.
संचारबंदी. खाली अश्रुधूर, खिडक्यांना ओल्या चादरी.
आंघोळ करून मीही सोवळ्यात गेले, तेव्हा कुठे पाठ दाखवली. तळव्याएवढा भाग लालजांभळा, दगडासारखा कडक. वर बारीक बारीक तोंडं, चाळणीसारखी. अंग तापलेलं.
"डॉक्टर आणते."
"पुरुषापुढे पाठ उघडी करू? या वयात?"
"खोताच्या वाडीत बाईडॉक्टर आहेत. फिलोमिनाबाई."
"किरिस्ताव? त्यापेक्षा मेले तरी चालेल."
पुन्हा पोटीस. मी तिचं ऐकलं. का ऐकलं?

१९ जाने.
सकाळी आत्याने मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. संचारबंदी जरा उठली तशी मागच्या बोळातून धावले. बाई हातातला चहा ठेवून तशाच निघाल्या.
खाटेपाशी आधी विचारलं, "मावशी, शिवू का?"
आत्याने डोळे मिटले. "शीव. आता काय राहिलंय."
मग जरा वेळाने, "हात ऊन आहे गं हिचा."
बाईंनी लघवी नळीत घालून निळ्या औषधाबरोबर उकळवली. विटकरी रंग आला. साखर. किती दिवसांची कोण जाणे. ते पाणी पिणं...
"साधं गळू असतं तर शेक पुरला असता," बाई मला म्हणाल्या. "ही काळपुळी आहे. अनेक तोंडं, लाली पसरतेय, त्यात ताप. ताप चढला त्याच दिवशी यायचंत."
मग पोटिसाची चिंधी उचलून पाहिली. "रोज हीच?"
"सोवळ्यातली आहे," आत्या तेवढ्यात. "मी सोडून कुणी शिवलेलं नाही."
"उकळली होती का, मावशी?"
आत्या माझ्याकडे बघायला लागली. रोज गार पाण्यात पिळायची आणि काठीने उंच दांडीवर टाकायची, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून. उकळायची असते हे तिला कोण सांगणार? मला तरी कुठे सुचलं?
बाईंनीच गाडी मिळवली. उतरताना जिन्यात आत्या पुटपुटली, "दूध झाकून ठेव."

२० जाने.
इस्पितळ. पाठ कापून निचरा केला. पेनिसिलिन, इन्सुलिन, दोन्ही सुया. तिचं विधवेचं लाल आलवण काढून त्यांचा सदरा घातलाय. केस काढलेलं डोकं उघडं. एवढ्या वर्षांत मीही ते असं पाहिलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कुसुम, बघू नको माझ्याकडे."
मी माझा पदर सोडून तिच्या डोक्यावर धरला.

२२ जाने.
ताप उतरून पुन्हा चढला. डॉक्टर म्हणतात, इतक्यात काही सांगता येत नाही. इस्पितळाचं पाणी मात्र प्यायली. आज एकच वाक्य बोलली, "माझं लुगडं आण."
घरी आले. तिचं दुसरं आलवण दांडीवर. आंघोळ केली, ओलेत्याने काठीने ते काढलं. बघायला घरात कुणी नव्हतं. घडी घालून पिशवीत ठेवलं.
चिंधी टाकून देणार होते. दाराशी जाऊन परत आले. पाठ भरायला दिवस लागतील म्हणतात, आत्या घरी आली तर रोज बांधावं लागेल. चिंधीसाठी वेगळं पातेलं काढलं, स्टोव्ह पेटवला.
पाणी आता उकळायला लागलंय.