गोबनेत, दोनखाची धाकटी

३ सप्टेंबर १७६४

विसरलीस ना, वहीबाई? वसंतात तुला सगळं सांगून ठेवलं होतं. मी कोण, कुणाची, आयर्लंड सोडून अमेरिकेत या कोनेवागोच्या ओढ्याकाठी कशी आले. आणि आज अशी कोऱ्या तोंडानं बघतेयस, जणू आपली ओळखच नाही! बरं, पुन्हा ऐक. मी सोरखा, दोनखाची थोरली. दोनखा आर्टचा, आर्ट फेलिमचा. फेलिमच्या मागं मला फक्त गाईच आठवतात.

मला अक्षर येत नाही. लिहिते ती माझी नात, ओनोरा. अक्षर सुरेख आहे म्हणतात. मला काय, चिखलातून कोंबडी चालत गेली तरी तसंच दिसतं. (हेही लिहिलंस? लिही, लिही.)

आज वंशावळ घोकायचं कारण हिचं लग्न. मुलगा कॉरमाक, तिकडं खाली मेरीलँडात मोनोकसी नदीवरचा. शेजारच्यांचं कोठार बांधायला आला आणि छप्पर झालं तरी जाईना! वसंतात त्याला व्हर्जिनियाच्या खोऱ्यात जमीन मिळणार आहे. लग्न त्याआधी व्हायला हवं, नाहीतर तो एकटाच जाईल आणि तिकडून कोण परत येतं?

फादर फेरल म्हणाले, "दोन्ही घरच्या मोठ्यांनी आपापल्या चार पिढ्या माझ्यासमोर म्हणायच्या. मधे कुठं एक रक्त निघालं तर लग्न नाही."

म्हटलं, "फादर, मला दुसरं येतंच काय?"

९ सप्टेंबर

आज चरखा चालवता चालवता सगळे पूर्वज म्हटले. मेलेले, बुडालेले, इंग्रजांनी जमिनीवरून हाकललेले, सगळे रांगेत आले. गोबनेतपाशी गाडी अडली. नेहमी तिथंच अडते.

माझी धाकटी बहीण. ती जन्मली तेव्हा मी सात वर्षांची. मला गोठ्यात पिटाळलं होतं. धार काढत होते आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. आवाज कसला, बोकडच! सुईणीनं अजून ओली असतानाच तिला माझ्या हातात दिली. बेडकासारखे पाय. सांडेल म्हणून मी श्वास धरून उभी राहिले.

मोठी झाली तशी ओटच्या भाकरीची करपलेली कड पळवायची. माझ्या ताटातली! मी ओरडले की म्हणायची, "थोरलीनं करपलेलं खाऊ नये, नवरा काळा मिळतो."

सतराची असताना, भाड्याला पैसे नाहीत म्हणून काही वर्षांच्या चाकरीचा करार करून जहाजात चढली. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर तिचा करार कुणी विकत घेतला, कळलं नाही. मी नवऱ्याबरोबर मागून आले ते तिलाच शोधायला. प्रत्येक बाजारात विचारलं. नवरा म्हणायचा, "बायको मला मिळाली, पण लग्न हिचं बहिणीशी झालंय."

२३ सप्टेंबर

काय सांगू! काय सांगू!

सगळे जमले होते. मी माझी बाजू म्हटली, एकदाही न अडखळता. मग कॉरमाकचा मामा टायग उभा राहिला, इतका वेळ आपलीच नावं पुटपुटत बसलेला. बाप नाही पोराला, म्हणून मामाच बोलला. भला मोठा माणूस, टोपी पोटावर धरलेली. बापाकडचे झाले, आईकडचे सुरू झाले. "माझी बहीण, म्हणजे कॉरमाकची आई, गोबनेतची. गोबनेत दोनखाची, दोनखा आर्टचा—"

मी उठले. गुडघे आहेत हेच विसरले. "फेलिमचा!" म्हणून ओरडले. "आर्ट फेलिमचा! अरे, कुठं आहे ती? जिवंत आहे?"

"आहे की. डोळे गेलेत, जीभ आहे."

मी त्याची मान धरून रडले. तोही रडला. "मावशी," म्हणाला मला. मावशी! इतकी वर्षं हा शब्द कुणी मला म्हटला नव्हता.

आणि मग मला कळलं की आपण दोघंच रडतोय. फादर बोटं मोजत होते. ओनोरा भिंतीला टेकून उभी होती, आणि कॉरमाक तिच्याकडं बघत नव्हता.

दोघी बहिणींची नातवंडं.

२४ सप्टेंबर

ओनोरानं शाई आणली, बसली. मी काहीच सांगितलं नाही. लिही, काही नाही.

२ ऑक्टोबर

फादरांकडं गेले होते. म्हटलं, "फादर, म्हाताऱ्या बाईचं डोकं. ती दुसरी गोबनेत असेल. आमच्याकडं दर तिसऱ्या घरात एक असते."

"आणि दर तिसऱ्या घरात दोनखा आर्टचा फेलिमचा असतो? आजी, सगळ्यांसमोर रडलात तुम्ही."

"मग नियमातून सोडा ना! पाद्री आहात, सोडवायलाच आहात."

"परवानगी लंडनच्या बिशपांची लागते. पत्र जहाजानं जाणार, उत्तर आलं तर पुढच्या हिवाळ्यात."

जन्मभर एक माणूस शोधलं, आणि सापडलं ते असं. तोंड शिवून बसले असते तर? पण मला तोंडाशिवाय देवानं दिलंय काय!

फादर आता मोनोकसीच्या फेरीला निघालेत. गोबनेतलाही विचारणार, रीतीप्रमाणे. मला घोड्यावर बसवत नाही, नाहीतर गेलेच असते. म्हटलं, "तिला एवढंच सांगा, थोरली आहे अजून."

२१ ऑक्टोबर

कॉरमाक येऊन लाकडं फोडून गेला. ओनोरा बाहेर गेली नाही. लाकडं मात्र ती स्वतः आत आणून रचते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

मी रागावले, "रड तरी!"

"तू रड आज्जी, तुझी बहीण सापडली," म्हणाली. टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

४ नोव्हेंबर

डुक्कर कापलं. लग्नासाठी पोसलेलं. सगळे नुसतं मीठ चोळत राहिले.

१८ नोव्हेंबर

फादर आले. टायगही आला. सगळ्यांना बसवलं.

गोबनेतनं पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगितलंय, की ती दोनखाची नाहीच. दुसऱ्या घरची तान्ही, आमच्या आईकडं दुधावर ठेवलेली. घरात कधी भेद केला नाही, म्हणून सोरखाला ती सख्खी वाटते.

फादर म्हणाले, "आपल्याकडं होतं असं. पोर एकदा अंगावर पाजलं की घरचंच. कुणी मोजत बसत नाही." मग विचारलं, "खरं ना, सोरखा?" विचारताना माझ्याकडं बघितलं नाही. बुटाचा चिखल खरवडत राहिले.

चूल जळत होती. ओनोराचे हात ॲप्रनखाली.

"हो फादर," म्हटलं. "दूधबहीण. म्हातारीच्या ध्यानातून गेलं होतं."

रविवारी प्रार्थनेत सगळ्यांसमोर लग्न पुकारणार. जाताना टायगनं टोपी काढली. "येतो, सोरखाबाई," म्हणाला.

पोरी, मागचं पान का उलटतेस? गोठ्यातलं, तिच्या जन्माचं ते राहू दे तिथंच. पुढं लिही. वहीबाई, तू विसराळू आहेस तेच बरं.

आणि कॉरमाक उद्या घरी निघतोय, त्याच्याबरोबर त्याच्या आजीला द्यायचं बांधून ठेव. लोणी, मीठ जास्त घालून. डुकराची एक मांडी. आणि ओटची भाकरी, सगळीकडून कड करपवून. कुणी पाठवलं विचारलं तर सांग, ओळखीच्या एका बाईनं.